मंजुषा सिस्टरच्या आखूड बाह्या

अकोल्याच्या उन्हाळ्यात घराबाहेर पडताना सगळेच अंग झाकून घेतात. बायका तर डोक्यापासून बोटांपर्यंत असा काही दुपट्टा गुंडाळतात की सख्ख्या आईला पोरगी चपलेवरून ओळखावी लागते. पण आत शिरलं, कूलरचा वारा लागला, की पहिलं काम म्हणजे ते सगळं सोडून मोकळं होणं. मे महिन्यात छपराखाली पूर्ण बाह्या घालून बसणारा माणूस एक तर वकील असतो, नाही तर त्याला काहीतरी लपवायचं असतं. हे मंजुषा निमकंडेचं निरीक्षण. ती स्वतः दोन उन्हाळे तशी वावरलेली असल्यामुळे या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मंजुषा अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. माहेर पातूरचं, घरची फुलशेती. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत, आणि चाल अशी की समोरून येणारा सर्जनही भिंतीला लागून उभा राहतो. तिच्या युनिफॉर्मच्या बाह्या इतर सिस्टरांपेक्षा चांगल्या चार बोटं आखूड आहेत. शिंप्याचा दोष नाही, तिनेच तशा शिवून घेतल्यात. दोन्ही कोपरांच्या आत जुन्या सुयांचे काळे वण आहेत आणि ते लोकांना दिसलेच पाहिजेत असा तिचा हट्ट आहे. एखादी नवी पोरगी विचारते, "सिस्टर, हे काय हो?" मग चहा पिता पिता, आवाज जराही न उतरवता ती सगळं सांगते. विचारणारीच बिचारी चोरासारखी इकडेतिकडे बघायला लागते.

सुरुवात पाठदुखीपासून झाली. थिएटरमध्ये सकाळपासून उभं राहायचं, घरी जाऊन पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं, आणि नवऱ्याच्या मागे एकटीने सगळं ओढायचं. एक दिवस पेशंटला दिलेल्या वेदनेच्या इंजेक्शनातलं थोडं उरलं होतं, ते फेकायच्या ऐवजी तिने स्वतःला टोचलं. पाठ दुखायची थांबली, आणि पाठीबरोबर डोक्यातला कलकलाटही थांबला. मग उरलेल्याची वाट पाहणं सुरू झालं. मग उरलेलं पुरेना, तेव्हा पेशंटच्या वाट्यातलं अर्धं. हे वाचून तिचा राग आला तर येऊ द्या. तिलाही येतो, अजून येतो.

कपडे बदलायच्या खोलीत ती बेशुद्ध सापडली तेव्हा हॉस्पिटलने गाजावाजा न करता तिला पातूरला पोचवलं. तिच्या आईने, माणिकबाईने, दाराशी जमलेल्या बायकांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, "कावीळ झाली माय पोरीले."

आपल्याकडे कावीळ हा फार सोयीचा आजार आहे. टायफॉइड लवकर बरा होतो, क्षयाचं नाव काढलं तर सोयरिकी मोडतात, आणि डोक्याच्या आजाराला तर घरात नावच नसतं. कावीळ मात्र कुणालाही होऊ शकते. तिच्यात महिनाभर पडून राहता येतं, उलट्या झाल्या तरी कुणी विचारत नाही, आणि अब्रूला ओरखडा येत नाही. डॉक्टर, नर्स, मास्तर, पोलीस, कुणाचंही काही सांगण्यासारखं नसलं की त्याला कावीळ होते.

फक्त एकदा कावीळ म्हटलं की काविळीचं सगळं सोसावं लागतं. उसाचा रस आला, फुटाणे आले, बिनतेलाच्या भाज्या आल्या. शेजारच्या गावातून माळ आली. ही माळ म्हणजे कुठल्याशा झाडाच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली, डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. ती दिवसागणिक सैल होते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. खाली उतरली की कावीळ उतरली. आता काडी वाळली की माळ सैल होणारच, ती घालणाऱ्याला आत काय झालंय हे काही ती विचारत नाही.

तर नशा सुटताना हाडं पिळवटून निघत होती, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मंजुषा डोक्यावर माळ घालून, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांत, रस पीत पडून होती. बघायला आलेली एक शेजारीण तिच्या तोंडापाशी वाकली आणि म्हणाली, "माणिकबाई, डोये त काही पिवये दिसत नाई हिचे."

"उतरून राहिली आता," माणिकबाई म्हणाली.

मंजुषाच्या डोक्यात काय तिडीक गेली कुणास ठाऊक. ती उठून बसली, माळ काढून खाटेवर टाकली आणि दोन्ही बाह्या वर सारल्या. "मले कावीळ नाई झाली, काकू. मी इंजेक्शनं घेत होती. नशेची. हे पाहा."

माणिकबाईने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. ती रात्रभर लेकीशी बोलली नाही. सकाळी मात्र लुगडं बदलून, पिशवी भरून दारात उभी राहिली. "गावभर सांगूनच टाकलं त आता लपवाचं काय रायलं? चाल, नागपूरले कोनी डॉक्टर हाय म्हनतात अशा रोगाचा." मंजुषाला आजही वाटतं की ती वाचली ती त्या वाक्याने. औषधं नंतर लागू पडली.

बरी होऊन परत आली तर हॉस्पिटल तिला आत घेईना. ती रोज येऊन डॉ. रागिणी मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायची. हॉस्पिटल मॅडमचंच. शेवटी पेशंटच विचारायला लागले की ह्या बाई कोण, तेव्हा मॅडमने कंटाळून तिला वॉर्डात घेतलं आणि खूप दिवसांनी पुन्हा थिएटर दिलं. त्या वेळी मंजुषाने स्वतःहून अट घातली: नशेच्या इंजेक्शनांच्या कपाटाला दोन कुलपं. एक चावी तिच्याकडे, दुसरी भूल देणाऱ्या डॉक्टरकडे. कुणालाही एकट्याने कपाट उघडता कामा नये, तिला तर नाहीच. लोक हसले, "सिस्टर, बँक उघडली का?" हसू दे म्हणाली.

तेव्हापासून लोक तिच्याकडे यायला लागले. उघडपणे कुणी नाही. एखादी सिस्टर लिफ्टपाशी घुटमळायची, एखादा डॉक्टर पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून म्हणायचा, "जरा बोलायचं होतं." कुणाला दारू, कुणाला झोपेच्या गोळ्या, कुणाला नुसतंच सकाळी उठून मरावंसं वाटायचं. ती त्यांना नागपूरला घेऊन जायची आणि त्यांच्या घरच्यांशी भांडायची. "औषध डॉक्टरचं, भांडन माहं," असं तिने कामच वाटून घेतलं होतं.

एकीच्या बाबतीत मात्र ती भांडणात कमी पडली. करिश्मा तिच्याच हाताखालची सिस्टर, तिलाही इंजेक्शनं लागलेली. तिच्याही घरच्यांनी कावीळ सांगितली, मंजुषाला दारातून परत पाठवलं, आणि पोरीला पंधरवड्यात कामावर धाडलं. त्याच कपडे बदलायच्या खोलीत करिश्मा मेलेली सापडली. लोकांना हार्ट अटॅक सांगितला. काविळीतून उठलेल्या पोरीला अटॅक कसा आला, हे कुणी विचारलं नाही. मंजुषा त्या दिवशी ढसाढसा रडली आणि मग तिने कानाला खडा लावला की पुन्हा कुणाच्या दारातून परत यायचं नाही.

डॉ. अद्वैत हॉस्पिटलमध्ये आला तो अमरावतीहून. भूल द्यायचा डॉक्टर, तिशीतला, हुशार, हसरा. वडील बापूसाहेब कोर्टात नावाजलेले वकील, घरात तीन पिढ्या वकिली आणि शिक्षकी. आपला मुलगा पहिला डॉक्टर, याचा बापूसाहेबांना कोण अभिमान. मुलगा मात्र दोन-दोन दिवस सलग थिएटरमध्ये असायचा. एक केस संपली की दुसरी, मधेच दुसऱ्या हॉस्पिटलमधून फोन. त्याला झोप येईनाशी झाली, मग झोपेसाठी काहीतरी, मग जागं राहायला काहीतरी.

मंजुषाला आधी त्याच्या बाह्या दिसल्या. थिएटरच्या अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांखाली त्याने पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालायला सुरुवात केली होती. "एसी लागतो हो सिस्टर." मग शुद्धीवर येणारे त्याचे पेशंट जास्त कळवळायला लागले. ज्यांनी शांत पडून राहायला हवं ती माणसं खाटेचा कठडा धरून आयमाय आठवत होती. कपाट दोन चाव्यांनीच उघडत होतं, पण सिरिंजमध्ये भरलेलं औषध पुढे कुणाच्या अंगात जातं, हे कुलूप थोडंच बघतं? तिच्या दोन कुलपांना वाकुल्या दाखवून तो अर्धं स्वतः घेत होता.

तिने त्याला रिकव्हरी खोलीत गाठलं. "सर, बाही वर करा."

"काय बोलता सिस्टर!"

"मी हे सगळं केलं हाय. मले कावून शिकवता?"

तो संतापून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमने सगळ्यांना सांगितलं, "अद्वैत सरांना कावीळ झालीय. पंधरा-वीस दिवस येणार नाहीत." मंजुषाने हातातला ट्रे खाली ठेवली आणि सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला.

अमरावतीत बापूसाहेबांचं दार अद्वैतच्या धाकट्या बहिणीने, स्वरालीने उघडलं. मंजुषाने नाव सांगितल्याबरोबर तिने काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत बघते तो काय, एमडी झालेला डॉक्टर पांघरुणात कुडकुडत पडलेला आणि त्याच्या डोक्यावर माळ. शेजारचे भगवंतराव नुकतीच ती घालून, स्वतःवर खूश होऊन बसले होते. "आमच्या वर्धेच्या माणसाची माळ आहे. गुण येणार म्हणजे येणार!" शेजाऱ्याला नको म्हणावं तर संशय, म्हणून बापूसाहेबांनी माळ घालू दिली होती. मंजुषाला हसावं की रडावं कळेना. ती भगवंतराव जाईपर्यंत गप्प बसली. दुसऱ्याचं गुपित आपण फोडायचं नसतं, हे ती पक्कं जाणून होती.

दार लागल्यावर तिने विचारलं, "वकीलसाहेब, काविळीचा रिपोर्ट कुठी हाय?"

बापूसाहेबांनी शर्टाच्या मनगटाची बटणं चाचपली. घरातही ते पूर्ण बाह्यांतच असत. "हे पहा बाई, मला सगळं माहीत आहे. त्याला आठवडाभर घरात ठेवतो, पंधरा दिवसांनी तो कामावर जाईल. चूक झाली, संपली. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. गावात माझी काही पत आहे."

"आठवड्यात अंगातलं जाते, साहेब. मनातलं जात नाई. त्याले डॉक्टरची गरज हाय. महिनोन् महिने. तो गेल्या गेल्या चावी मागंल, आनं मी देनार नाई."

"तुम्ही कोण न देणाऱ्या? केस टाकीन तुमच्यावर."

"टाका. कोर्टात मी ह्याच बाह्यात येईन." तिने हात पुढे केले. बापूसाहेबांनी एकदा वण पाहिले आणि मान फिरवली. मग तिने करिश्माचं सांगितलं. अटॅकपर्यंत सगळं सांगितलं. पांघरुणात अद्वैत हलायचा थांबला होता. "तुमची पत जाईल म्हनून भेव वाटते ना? तिच्या बापालेही तेच वाटत होतं. आता पत हाय त्याच्याजवळ. पोरगी नाई."

"निघा तुम्ही," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

निघताना ती अद्वैतच्या खाटेपाशी थांबली. "मी तुमचं कोनाले सांगनार नाई, सर. सांगाचं ते तुमी सांगा. पण चावी मागाले येऊ नका." ती अकोल्याच्या बसमध्ये बसली. नोकरी गेली तर काय करायचं, हा विचार तिला आला नाही असं नाही. पातूरची शेवंती आहे, असं तिने स्वतःला समजावलं आणि दर्यापूर फाटा येईपर्यंत ती पुन्हा भांडायला तयार झाली.

पंधरवड्याने अद्वैत कामावर आला. गालफडं बसलेली, आत तोच पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. सगळ्यांनी काविळीची चौकशी केली, पथ्यं सांगितली. पहिला पेशंट अजून वॉर्डातच होता. इतके दिवस त्याची चावी सांभाळणाऱ्या बदली डॉक्टरने ती नुकतीच मंजुषाच्या हातात ठेवली होती. रागिणी मॅडम घाईघाईने आल्या. "सिस्टर, आज केसेस खूप आहेत. सरांना त्यांची चावी द्या."

"नाई देत."

सगळं थिएटर जागच्या जागी थांबलं. मॅडमला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तेच उत्तर दिलं.

"कारण?"

"कारण सांगाचा हक्क मले नाई. पण चावी देत नाई. दुसऱ्या डॉक्टरले बोलवा."

"तुमचं काय चाललंय? स्वतः काय दिवे लावले होते ते विसरलात? मी तुम्हाला परत घेतलं!"

"विसरली नाई म्हनूनच देत नाई."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मग दोन्ही चाव्या टेबलावर ठेवा आणि घरी जा. उद्यापासून येऊ नका."

मंजुषाने दोन्ही चाव्या मुठीत आवळल्या. "नोकरी तुमची हाय, घेऊन टाका. चाव्या पायजे असतीन त पोलिसांले बोलवा. आमच्या करिश्माले कोनी नाई म्हनलं नव्हतं. आज मी म्हनून राहिली." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता. नव्या पोरी भिंतीला चिकटल्या होत्या.

"मॅडम," अद्वैत म्हणाला. इतक्या हळू की आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. "मॅडम, चावी देऊ नका मला."

त्याने डाव्या हाताची बाही वर केली. कोपराजवळ अडकली, तर दातओठ खाऊन ओढली. "मला कावीळ झाली नव्हती. आत्ता चावी मिळाली असती तर पहिला पेशंट यायच्या आधीच मी..." पुढचं त्याला बोलवेना.

"अद्वैत, विचार करून बोल," मॅडम पुटपुटल्या.

"त्यानं विचार करूनच सांगतलं," मंजुषा कडाडली. "दोन-दोन दिवस त्याले झोपू दिलं नाई, तवा तुमी केला होता काय विचार?" त्या दिवशीच्या केसेस दुसऱ्या डॉक्टरने केल्या. मंजुषाला उद्धट वर्तनाची नोटीस मिळाली. तिने ती सही करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली. तिला अडवायला दारात कुणी उभं नव्हतं.

अद्वैतला नागपूरला न्यायला ती आणि स्वराली गेल्या. बापूसाहेब आले नाहीत. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीच्या सुमारास अद्वैत पुन्हा घसरला, मंजुषाने अमरावतीला जाऊन त्याला शेलक्या शिव्या दिल्या आणि परत नागपूरला नेऊन बसवलं. त्या खेपेला गाडी चालवायला बापूसाहेब होते. स्वरालीची ठरत आलेली सोयरीक मोडली. "ज्यांना दादाच्या आजाराची लाज वाटते, त्यांच्याकडे मी आजारी पडले तर काय करू?" असं तीच म्हणाली. हळूहळू अद्वैत कामावर आला. भूल द्यायला नाही, ऑपरेशनआधी पेशंट तपासायला. लघवीची तपासणी होत राहिली, ड्युटीनंतर घरी जाऊन झोपायचं असं ठरलं. चावी त्याला कुणी दिली नाही, त्यानेही मागितली नाही.

मे महिना आला तेव्हा बापूसाहेबांकडून मंजुषाला आमरसाच्या जेवणाचं निमंत्रण आलं. जावं की न जावं, असं करत ती गेली. आईलाही बरोबर नेलं. पंगतीत भगवंतरावही होते. रसाची दुसरी वाटी संपवून ते प्रसन्न झाले आणि समोर बसलेल्या अद्वैतकडे बघून म्हणाले, "काय चेहरा खुललाय पोराचा! गेल्या साली नुसती काविळीनं कळा गेली होती. आपल्या माळेचा गुण हो बापूसाहेब, मानता की नाही?"

अद्वैतने घास खाली ठेवला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, हात ताटाशेजारी उघडा. तो बोलणार तोच बापूसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. आता हे पुन्हा पांघरूण घालणार, मंजुषाला वाटलं.

"भगवंतराव," बापूसाहेब म्हणाले, "त्याला कावीळ झाली नव्हती. त्याला इंजेक्शनांचं व्यसन लागलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या खोट्यापायी माझा मुलगा मेला असता." कोर्टात बोलावं तसं ते बोलत होते, शेजारच्या घरात जाईल अशा आवाजात. "ह्या बाईंनी त्याला चावी दिली नाही, म्हणून तो आज इथं जेवतोय."

भगवंतरावांचा हात वाटीतच राहिला. माणिकबाईने भांड्यातला रस पळीने हलवला आणि त्यांच्या वाटीत ओतला. "घ्या, साहेब. माह्या पोरीलेही कावीळ झाली नव्हती."